द्वारा: पेठ रोडवरच्या एका पत्त्याची गोष्ट

[पहाट. पेठ रोड, नाशिक. बंद शटरला लागून उभा असलेला पिकअप.]

पेठ रोडला पहाटे जाग येते ती भाजीच्या गाड्यांनी. मार्केट यार्डाकडे टेम्पो वळतात, पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसं जीपमधून उतरतात, चहाच्या गाड्यावर स्टोव्ह पेटतो. याच रस्त्यावर एका किराणा दुकानाच्या शटरला लागून हा पिकअप उभा आहे. हौद्यात पाटे-वरवंटे, खलबत्ते, दळायची दोन जाती. त्यांच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर गोधडी, आणि गोधडीत गाडीमालकाचा धाकटा मुलगा अजून गाढ झोपलेला.

गाडीमालकाला आपण भाऊ म्हणू. नाव सांगायला त्याची हरकत नव्हती. पण कागदपत्रांचा मामला आहे, म्हणून मीच नको म्हटलं.

भाऊचं कुटुंब भटक्या-विमुक्तांतलं. दगड घडवायचा, पाट्याला टाकी लावून द्यायची, बाजार उठला की पुढच्या गावाला निघायचं. बुधवारी गोदाघाटावरचा बाजार, मग ओझर, सटाणा, पौषात चंदनपुरीची जत्रा, चैत्रात सप्तशृंग गडाचा पायथा. पाल, म्हणजे राहायचा तंबू, पडेल तिथं चूल. आजोबांच्या काळात हे सगळं ओझं गाढवांच्या पाठीवर असायचं. भाऊची आजी मला म्हणाली, "गाढवाला कागद लागत नव्हता बाई. गाडीला लागतो."

[गाडीच्या काचेमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली कागदपत्रं.]

दोन वर्षांपूर्वी भाऊनं हा पिकअप निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून जुना घेतला. पैसे चुकते झाले, किल्ली हातात आली, नारळ फुटला. राहिलं ते नाव चढवणं. मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं, की घेणाऱ्यानं तीस दिवसांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. नमुना 29, नमुना 30, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा. पहिल्या चार गोष्टी जमल्या.

नाव चढत नाही तोवर कायद्याच्या लेखी मालक जुनाच राहतो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या एका निकालात हे स्पष्टच सांगितलंय: गाडी कितीही हातांतून गेलेली असो, अपघात झाला तर भरपाईला नोंदणीत ज्याचं नाव आहे तो जबाबदार. म्हणून त्या शेतकऱ्याला झोप लागत नव्हती. ई-चलनाचे मेसेज त्याच्याच मोबाइलवर यायचे. तो दर आठवड्याला फोन करायचा, "अरे बाबा, नाव करून घे की रे."

भाऊनं तेव्हा मुलीच्या शाळेसाठी शहरात एक खोली भाड्यानं घेतली होती. घरमालक भला माणूस, अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवून दिला. हे मी मुद्दाम सांगते आहे. भाडेकरार नोंदवणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे, कलम 55. तरी मी स्वतः नाशिकमध्ये चार खोल्या बदलल्या, त्यांतल्या तिघांनी "कशाला उगाच कटकट" म्हणून करार टाळला. त्या तीन खोल्यांमध्ये मी राहिले याचा आज एकही पुरावा माझ्याकडे नाही. पगार, शिक्षण, ओळखीपाळखी असलेल्या माझी ही गत झाली.

तर त्या करारावर भाऊचा अर्ज झाला, फी भरली, नाव चढलं. शेतकरी सुटला. नोंदणीचं स्मार्ट कार्ड हल्ली छापून स्पीड पोस्टानं पत्त्यावर येतं. तेही निघालं. पण तोवर करार संपला होता, जत्रांचा हंगाम लागला होता, खोलीला कुलूप होतं. पोस्टमननं नियमाप्रमाणे शेरा मारला आणि पाकीट परत गेलं. कुणी कामचुकारपणा केला नाही. पाकिटाला थांबायला जागा नव्हती.

डिजिलॉकरमधली, म्हणजे फोनवरच्या सरकारी अ‍ॅपमधली, नोंदणी कायद्यानं चालते, कार्ड हातात असायलाच हवं असं नाही. पण भाऊचा फोन बटणांचा. आणि खरी अडचण पुढेच होती. कलम 49 म्हणतं, नोंदणीतल्या पत्त्यावर राहणं बंद झालं की तीस दिवसांत नवा पत्ता कळवा. भाऊची जागा वर्षातून पंधरा-वीसदा बदलते. त्यानं कितीदा कळवायचं?

फिरत्या माणसाची अडचण सरकारला ठाऊक नाही असं मात्र नाही. 15 सप्टेंबर 2021 पासून गाड्यांच्या नंबरांची बीएच (भारत) मालिका सुरू झाली. बदली झाली, राज्य बदललं, तरी गाडीचा नंबर तोच राहतो. एरवी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, त्यातून ही सुटका. रस्ता कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. चांगली सोय आहे. ती सैन्यातल्यांना मिळते, सरकारी नोकरांना मिळते, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्या लोकांना मिळते. फिरणं सिद्ध करायला आधी एक पक्की नोकरी लागते. भाऊच्या घराण्यात तीन पिढ्या फिरण्यात गेल्या, त्याचा दाखला कोण देणार?

[दुकान उघडतं. दुकानदार शटर वर करतात, दोन उदबत्त्या लावतात.]

दाखला शेवटी या माणसानं दिला. भाऊ त्यांना काका म्हणतो. पाल नाशिकला असलं की भाऊची गाडी रात्री यांच्याच शटरला लागते, त्यामुळे दुकानाला राखण होते. काकांच्या गल्ल्याखाली बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा आहे. उघडला की वरच शाळेचं एक पत्र दिसतं. खाली बँकेचं पाकीट, विम्याची पावती, गॅस एजन्सीची चिठ्ठी, कुठल्याशा भरतीचं प्रवेशपत्र, परीक्षा होऊन गेलेलं. प्रत्येक पाकिटावर नाव वेगळं आणि खाली एकच ओळ: द्वारा, मग काकांचं दुकान, पेठ रोड, पंचवटी, नाशिक 422003.

मी मोजलं नाही, पण दहा-बारा कुटुंबांचं टपाल त्या डब्यात येतं. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षबागांच्या छाटणीला येणारे मजूर, एक मेंढपाळ, एक गवंडी. काकांना वाचायला चष्मा लागतो, तरी पाकीट आलं की ते त्या-त्या माणसाला फोन लावतात. "सरकारी दिसतंय, ये लवकर." या कामाचा एक रुपया ते घेत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "जागा डब्याची जाते, माझी काय जाते?"

टपाल खात्याकडे यासाठी एक जुनी सोय आहे, पोस्ट रेस्टांट. पाकिटावर माणसाचं नाव, खाली हे दोन शब्द आणि टपाल कार्यालयाचं नाव-पिन लिहायचं, नाशिकचं मुख्य कार्यालय असेल तर 422001. टपाल कार्यालयात थांबतं, माणूस ठरावीक दिवसांत ओळख दाखवून घेऊन जातो. शिवाय वार्षिक भाड्यानं पोस्ट बॉक्स मिळतो. नाक्यावर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं. ही सोय लोकांपर्यंत जायला हवी असं मला फार वाटतं.

[आधार कार्ड, भाऊचा अंगठा कोपऱ्यावर.]

आता भाऊच्या आधारवर हाच द्वाराचा पत्ता आहे. तो लागला कसा, ते ऐका.

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच विभागात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 ला. पुढे 2016 चा आधार कायदा आला, त्याचं कलम 5 मी दोनदा वाचलं. त्यात भटक्या जमातींचा उल्लेख आहे, आणि ज्यांना कायमचं राहतं घर नाही त्यांना आधार देण्यासाठी आधार प्राधिकरणानं खास उपाय करावेत, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना भाऊ माहीत होता. पण एका सेवा केंद्रावर भाऊला विचारलं गेलं, "लाइट बिल आण." पालाला कुठलं लाइट बिल?

कागदपत्र नसेल तर ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. आमदार, तहसीलदार, राजपत्रित अधिकारी, सरपंच, नगरसेवक, यांपैकी कुणाची तरी सही-शिक्का, आणि तो तीन महिने ग्राह्य. आता यांतला गरिबाच्या हाताशी असतो तो नगरसेवक. चहाच्या टपरीवर भेटतो, लग्नाला येतो. पण नाशिक महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते. रस्ते-गटारींवर त्या काळात पुष्कळ बोललं गेलं. सहीवाचून अडलेल्या माणसांबद्दल मी कुठे फारसं ऐकलं नाही. भाऊ म्हणाला, "ताई, मोठ्या सायबाकडं जायचं तर तो विचारणार, तू कोण? आणि त्याच्यासाठीच तर कागद काढायचा हाये ना."

निवडणूक झाली. काका नव्या नगरसेवकाकडे भाऊला घेऊन गेले, "माझ्या दुकानाशी असतो हा" म्हणाले, दहा मिनिटांत सही झाली.

मग गाडीच्या पत्त्याचा अर्ज, नमुना 33. इथं कलम 40 उपयोगी पडलं. त्यात गाडीची जागा म्हणजे मालकाचं घरच, असं नाही. राहण्याचं ठिकाण किंवा धंद्याचं ठिकाण, जिथं गाडी साधारणपणे ठेवली जाते. काकांच्या शटरजवळची ती जागा, रात्री साडेनऊनंतरची, कायद्याच्या या शब्दांत बसते.

[रात्र. विजेरीचा झोत पालाच्या कापडावर.]

एक प्रसंग मात्र मला सावकाश सांगायचाय.

आजीचं नाव मतदार यादीत कधीच नव्हतं. वय ऐंशीच्या आसपास. यादीत नाव घालायचा नमुना 6 भरला, पत्त्याच्या जागी दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेची खूण लिहिली. बेघर माणसाला इथं राहण्याचा पुरावा जोडावा लागत नाही. निवडणूक आयोगाची सूचना अशी आहे, की बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं, रात्री त्या जागी जावं, माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघावं, आणि एकाच रात्री नाही, एकापेक्षा जास्त रात्री.

बीएलओ बाई एरवी प्राथमिक शाळेत शिकवतात. त्या रात्री साडेदहाला नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आल्या. विजेरी लावली. आजी दचकून उठून बसली. रात्री बूट वाजले, उजेड पडला, म्हणजे पोलीस, हे तिच्या अंगात मुरलेलं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांच्यावर शिक्का मारला, त्यांना हजेरी द्यावी लागायची, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. तो कायदा रद्द झाला 1952 मध्ये. आजी तेव्हा लहान पोर असणार. तिनं ते पाहिलं की आईकडून ऐकलं, हे तिलाही सांगता येत नाही. हात जोडून ती म्हणाली, "आमी काई केलं न्हाई."

बाई खाली बसल्या, मातीतच. म्हणाल्या, "आजी, तुमचं नाव लिहायला आलेय. तुम्ही इथंच झोपता ना?" आजीनं उशाशी हात फिरवून दाखवला, हे बोचकं, हा तांब्या, ही काठी. चार दिवसांनी बाई पुन्हा आल्या, तेव्हा आजी जागीच होती, वाट बघत.

पाल पुढे हललं की नाव जाईल का? हा प्रश्न मी त्यांना विचारला. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950, कलम 20: काही काळ बाहेर गेल्यानं माणसाचं सर्वसाधारण रहिवासीपण जात नाही. आणि त्याच कलमात आणखी एक आहे, की केवळ घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. कितीतरी वर्षांपूर्वी कुणीतरी बसून इतका विचार केलेला आहे.

[आजी बोलते आहे, समोर पणती वहीत लिहिते आहे.]

एक गाठ अजून सुटलेली नाही. पणती, म्हणजे भाऊची मुलगी, यंदा दहावीला आहे, पुढे जातीचा दाखला लागणार. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख धरतात. त्याआधी कुटुंब इथं राहत होतं याचा पुरावा हवा. शाळा सोडल्याचा दाखला, महसुली नोंद, जन्ममृत्यूची नोंद, असलं काहीतरी. या घरात भाऊच्या आधी शाळेची पायरी कुणी चढलं नाही, आणि सातबारा यायला जमीन कधी नव्हती.

पण आजीला सगळं आठवतं. थोरला दीर ओझरला खंडोबाच्या यात्रेत झाला, बारागाड्या ओढायच्या दिवशी. नणंद सटाण्याच्या बाजारात, पावसात, एका वाण्याच्या ओट्यावर. सासरा वारला तो वणीला, गडावरून उतरताना. ती एक-एक गाव घेते आणि पणती वहीच्या पानावर उतरवते, रेघा मारून रकाने केलेत: कोण, कुठं, कुठल्या सणाला. अठ्ठावीस नोंदी झाल्यात. ही वही कुठल्या खिडकीवर चालेल, ते आम्ही अजून शोधतोय.

मे 2025 मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागला, प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत. पणतीनं माझ्या फोनवर पालाच्या जागेचा संकेत काढला आणि त्याच वहीत पहिल्या पानावर लिहिला. तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही, हे मी तिला सांगितलं. "असू द्या," म्हणाली. मग टेपनं पाल मोजलं. चौकोनात मावून कडेला गाडीचं एक चाक उभं राहील एवढी जागा उरते.

[दुपार. दुकान. पोस्टमन सायकल लावतात.]

स्पीड पोस्टचं पाकीट आलं तेव्हा भाऊ बाजारात होता. काकांनी सही केली, पाकीट डब्यात न ठेवता गल्ल्यावर वजनाखाली ठेवलं, फोन लावला.

भाऊ आला तो हाताला दगडाची पांढरी भुकटी तशीच. आधी हात धुतले, पँटला पुसले, मग पाकीट फोडलं. कार्डावर एमएच 15, खाली त्याचं नाव. मुलीनं वाचून दाखवलं, पत्त्याच्या ओळीपाशी आली, तेव्हा काका चष्मा शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी पाल उठलं. हौद्यात पाटे चढले, वर आजी बसली, बोचकं आणि काठी घेऊन. काकांनी विचारलं, "परत कधी?"

"आखाडात," भाऊ म्हणाला. "शाळेचं पत्र आलं तर तेवढं फोन करा."