पन्हाळा, कळसूबाई आणि ‘व्हेरी फ्यू’चा डाव

नमस्कार मंडळी! कोल्हापुरातनं बोलतोय. बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरात ‘डिग्री बदला’, म्हणजे तुलनेचं वाक्य पॉझिटिव्ह (‘एवढा मोठा’), कम्पॅरेटिव्ह (‘पेक्षा मोठा’) किंवा सुपरलेटिव्ह (‘सर्वांत मोठा’) अशा रूपात फिरवा, असं आलं की पोरं लगेच साचा काढतात: सुपरलेटिव्हला ‘वन ऑफ द’, पॉझिटिव्हला ‘व्हेरी फ्यू’. साचा पाठ असतो, पण वाक्य नेमकं काय म्हणतंय ते कुणी बघत नाही. मार्क तिथंच जातात.

(स्क्रीनवर: पन्हाळा इज वन ऑफ द बिगेस्ट फोर्ट्स इन महाराष्ट्र.)

‘फोर्ट्स’मधला एस बघितला? पन्हाळा एकच आहे, पण ज्या मोठ्या किल्ल्यांत तो बसतो ते अनेक आहेत. म्हणून ‘वन ऑफ द’नंतर नाम कायम अनेकवचनी. हा एस चांगल्या शिकलेल्या माणसांच्या भाषणातही गळतो, कान देऊन ऐका.

आता पॉझिटिव्ह करू. व्हेरी फ्यू फोर्ट्स इन महाराष्ट्र आर ॲज बिग ॲज पन्हाळा. म्हणजे पन्हाळ्याएवढे किल्ले शोधायला गेलात तर मुश्किलीनं सापडतील. ‘फ्यू’चा कल असा नकाराकडं असतो. त्याच्या आधी नुसता ‘अ’ ठेवून बघा: अ फ्यू फोर्ट्स आर ॲज बिग ॲज पन्हाळा. लगेच सूर फिरला! आता आपण म्हणतोय, आहेत की तसे चार-दोन, त्यात काय एवढं. कौतुक करायला गेलो आणि पन्हाळ्याची किंमत कमी करून आलो.

‘लिटल’चं हेच, फक्त मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी. मिसळ खाताय आणि कोण म्हणालं, ‘देअर इज लिटल रस्सा लेफ्ट’, तर समजा, रस्सा संपलाच, मागू नका. ‘देअर इज अ लिटल रस्सा लेफ्ट’ म्हणालं तर वाटी पुढं करा. पावाचे नग मोजता येतात, तिथं ‘फ्यू’. गूळ असेल तर ‘मच’, गुळाच्या ढेपा असतील तर ‘मेनी’.

कम्पॅरेटिव्हला सगळ्यात जास्त घोळ होतो. पन्हाळा इज बिगर दॅन मोस्ट अदर फोर्ट्स इन महाराष्ट्र. इथं ‘एनी अदर’ लिहिलंत की पन्हाळा थेट एक नंबरला गेला, आणि मूळ वाक्य तसं म्हणतच नव्हतं. ‘एनी अदर’ फक्त एक नंबरसाठी. उदाहरणार्थ कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर.

(स्क्रीनवर तिन्ही वाक्यं)
कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.
कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.
नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.

‘एनी अदर’ आणि ‘नो अदर’ असेल तर पुढं ‘पीक’ एकवचनी. आणि ‘अदर’ खाऊ नका. ‘हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ लिहिलं तर कळसूबाई स्वतःपेक्षाही उंच झाली की!

‘मोर बेटर’, ‘मोस्ट टॉलेस्ट’ असलं काही लिहू नका, एवढंच सांगतो.

आता तुमची पाळी. रंकाळा इज वन ऑफ द मोस्ट फेमस लेक्स इन महाराष्ट्र. पॉझिटिव्ह आणि कम्पॅरेटिव्ह, दोन्ही कमेंटमध्ये टाका. आपल्याला रंकाळा एक नंबरच, मान्य. पण दिलेलं वाक्य तसं म्हणत नाही, त्यामुळं ‘एनी अदर’ दिसलं की मी मार्क कापणार.