१०५ सत्रं, ९ खोल्या

[दृश्य: वाशी स्टेशन, सकाळ. ठाण्याहून आलेली लोकल रिकामी होते आहे.]

ट्रान्स हार्बरच्या लेडीज डब्यातून ही गर्दी उतरली. रोजच्यासारखीच. फक्त नीट बघितलं तर चार-पाच जणींच्या गळ्यात एकसारखे बॅज दिसतील, एकीच्या हातात पोस्टरची गुंडाळी आणि एकीच्या कडेवर दीड वर्षाचं मूल. त्या मुलावर लक्ष ठेवा. त्याच्यामुळे एक परिषद जवळपास मोडता मोडता राहिली.

स्त्री अभ्यास आणि लिंगभाव या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद, नवी मुंबईतल्या एका कॉलेजात, चार दिवस. खरं तर आम्हाला भाषणं टिपायची होती. पण आम्ही तयारीच्या बैठकांना जायला लागलो आणि तिथेच अडकलो.

[दृश्य: स्टाफरूमची भिंत. चार कार्डशीट चिकटवून केलेला मोठा तक्ता. त्यावर पिवळ्या, गुलाबी चिठ्ठ्या.]

हा तक्ता म्हणजे परिषद. बाकी सगळं याच्या मागून येतं.

गोषवारे मागवले, दोन-दोन परीक्षकांकडे लेखकाचं नाव झाकून पाठवले, आणि ४२० निवडले. एका सत्रात चार निबंध. प्रत्येकाला १५ मिनिटं म्हणजे तासभर, आणि वर अर्धा तास चर्चेला. झाली १०५ सत्रं. कॉलेजने दिलेल्या खोल्या ९. दिवसाला चार पाळ्या, त्यातली एक बीजभाषणाची. तेव्हा सगळे हॉलमध्ये, खोल्या रिकाम्या. उरल्या तीन पाळ्या. नऊ त्रिक सत्तावीस, चार दिवसांचे १०८.

बसलं! वर तीन जागा शिल्लक. संयोजक मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना वडापाव खिलवला.

आनंद आठवडाभर टिकला. पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, पाळणाघर कुठे आहे?

[दृश्य: तक्त्यावरची एक उभी ओळ. तिच्यावरच्या चिठ्ठ्या एक हात काढतो आहे.]

पाळणाघराला एक खोली दिली की उरल्या आठ. आठ त्रिक चोवीस, चोक ९६. नऊ सत्रं बाहेर. म्हणजे ३६ निबंध. निवडल्याची ईमेल गेलेले. त्यांतल्या काहींची विमानाची तिकिटंही काढून झालेली.

त्या संध्याकाळी आम्ही जे ऐकलं ते कुठल्याही बीजभाषणात ऐकलं नाही. एक बाजू म्हणत होती, शोधनिबंध वाचायला बोलावून नाही म्हणायचं हा अपमान आहे. दुसरी म्हणत होती, बाळंतपणावर निबंध ठेवायचे आणि बाळाला गेटवर थांबवायचं? एक प्राध्यापिका इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी सांगितलं की त्या स्वतः सहा वर्षं एकाही परिषदेला गेल्या नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही का ते.

त्या वाक्यानंतर मुद्दा राहिला तो फक्त खोली शोधण्याचा. ती कुठे सापडली ते पुढे.

[दृश्य: जुन्या कागदांची फाईल. पंख्याने पानं उडतात.]

कोणाला यायला जमतं, हा प्रश्न या विषयाला नवा नाही. केंद्र सरकारने १९७१मध्ये स्त्रियांच्या दर्जाची पाहणी करायला समिती नेमली आणि १९७४ साली तिचा अहवाल आला. त्याच वर्षी मुंबईत, एसएनडीटी महिला विद्यापीठात, नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्रियांवरच्या संशोधनाचं केंद्र सुरू झालं. एप्रिल १९८१मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली. पुढच्या वर्षी त्यातून देशपातळीवरची संघटना उभी राहिली. ‘विमेन्स वर्ल्ड्स’ नावाची जागतिक परिषदही १९८१चीच, इस्रायलमधल्या हैफा शहरात सुरू झालेली. ती हिंडत हिंडत २०१४ला हैदराबादला आली.

आता गंमत बघा. १९८१ साली वाशीच्या एखाद्या बाईला मुंबईतल्या त्या परिषदेला जायचं असतं तर खाडीवर रस्त्याचा पूल होता, रेल्वे नव्हती. हार्बर लाइन वाशीला पोचली १९९२ला. ठाण्याहून थेट गाडी सुरू झाली २००४ला. आणि संयुक्त राष्ट्रांच्या महिला परिषदेच्या वेळी बीजिंगला १९९५मध्ये जगभरातून सुमारे ३० हजार बायका जमल्या, तेव्हा संस्था-संघटनांचा मेळावा शहरापासून दूर हुआइरो नावाच्या गावात नेऊन ठेवला होता. पाऊस, चिखल आणि बसची वाट बघणं. जागा ठरली की अर्धी उपस्थिती ठरते, हे आयोजकांना आधीपासून ठाऊक असतं. बोलत नाहीत, एवढंच.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. तारखांवर फुल्या.]

तारीख? पावसाळ्यात नको. गणपती, दिवाळी नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी, त्यामुळे आया घराबाहेर पडत नाहीत. बाप पडतात. शेवटी जानेवारीचा तिसरा आठवडा ठरला, ऐन हळदीकुंकवाच्या दिवसांत. त्यावर जे विनोद झाले ते आम्ही कापले आहेत.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. एकाच बाईची दोन वेगवेगळी नावं.]

परदेशातून येणाऱ्यांना कॉन्फरन्स व्हिसा लागतो. त्यासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र हवं, आणि परराष्ट्र आणि गृह मंत्रालयांची मंजुरी. ती कागदपत्रं वेळेत गेली. घोटाळा झाला नावांचा. निबंधावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. किंवा उलटं. घटस्फोटानंतर बदललेलं, पण जुन्या लेखांमुळे जपलेलं. निमंत्रणपत्र निबंधावरच्या नावाने निघालं आणि व्हिसाचा अर्ज पासपोर्टच्या नावाने. एकाही पुरुष पाहुण्याचं नाव असं दुहेरी निघालं नाही. पत्रांचं काम बघणाऱ्या मुलीने आठ दिवसांत नवी पत्रं काढली, आणि यावरच पुढच्या वर्षी निबंध लिहिते म्हणाली. लिहावा.

नोंदणीच्या फॉर्मवरची एक ओळ तीन तास चालली. स्त्री, पुरुष, इतर. ‘इतर’ म्हणजे कोण, असं ज्यांना इतरमध्ये टाकलं होतं त्यांनीच विचारलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्येच स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केलेला, मग लिंगभावावरच्याच परिषदेत असा रकाना? मॅडमनी विचारलं, ही माहिती आपल्याला हवी कशाला? हॉस्टेलच्या खोल्या वाटायला, एवढंच. मग फॉर्मवर तेच विचारलं: खोली कुणाबरोबर चालेल? बॅजवर मात्र जो तो सांगेल ते नाव. आधार कार्डावर काही का असेना.

[दृश्य: उद्घाटन. समई. दोन मुलगे तबक घेऊन उभे.]

तबक कोणी धरायचं यावरही वाद झाला. आपल्याकडे नऊवारीतल्या मुली धरतात. यंदा एनएसएसची मुलं उभी केली. एकाने तबक असं तिरपं धरलं की निरांजन घसरत घसरत थेट प्रमुख पाहुण्यांच्या शालीकडे निघालं. कडेला उभ्या असलेल्या एका मावशींनी, सफाईच्या निळ्या साडीतल्या, हात लावून तबक सरळ केलं आणि मागे सरकल्या. फोटोत त्या नाहीत. आमच्या फुटेजमध्ये कोपर दिसतं.

शौचालयांची गोष्ट थोडक्यात. इमारतीत बायकांची आणि पुरुषांची सारखीच, आणि आलेल्यांत दहातल्या आठ बायका. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या दारावर कागद चिकटवला: ‘चार दिवस महिलांसाठी’. तक्रार एकच आली, लेखी आणि दोन पानी.

[दृश्य: तळमजल्यावरची खोली क्रमांक २. पाठीमागे काचेची केबिन, आत कानाला हेडफोन लावलेल्या दोन दुभाषी.]

आणि हे सत्र. दिवाळे कोळीवाड्यातून आलेल्या एक मावशी बोलताहेत. नवी मुंबई वसवायला सिडको १९७०मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी त्यात गेल्या. आपण ज्या फरशीवर बसलोय तिच्या खाली काय होतं, हे मावशी हाताने दाखवतात: इथे मिठागर, इथे शेत, तिथून खाडीला उतरायचं. अभ्यासक वह्या काढतात.

दुभाषी दोघी असतात, कारण ऐकता ऐकता बोलणं अर्ध्या तासापलीकडे एकीला झेपत नाही. दर वीस-तीस मिनिटांनी माइक बदलतो. नेमकी बदली होताना मावशी ‘वाटा’ म्हणाल्या. मासळीचा वाटा. टोपलीतून उचलून फळीवर मांडलेला ढीग, ज्याला वजनकाटा लागत नाही. नवी दुभाषी इंग्रजीत म्हणाली, हिस्सा. समोरच्या पाहुण्यांनी लिहून घेतलं: मासेमारीतल्या उत्पन्नात स्त्रियांना हिस्सा मिळतो. पहिलीने काचेतून हात केला, माइक ओढला आणि दुरुस्ती केली: ढीग, ढीग. हेडफोनमध्ये दोन सेकंद नुसती खरखर. मग एक पाहुण्या हात वर करून म्हणाल्या, पण हिस्सा मिळतो का? प्रश्न मराठीत मावशींपर्यंत गेला. मावशी हसल्या. म्हणाल्या, ढीग मीच मांडते, पैसे पण मीच मोजते, पण होडी त्याच्या नावावर आहे.

त्यापुढची चाळीस मिनिटं त्याच एका वाक्यावर गेली. सत्राध्यक्षांनी घंटा वाजवली नाही.

[दृश्य: विश्वस्तांची बैठकीची खोली. भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी.]

पाळणाघर कुठे सापडलं ते राहिलं. इथे. वर्षातून सहा-सात वेळा उघडणारी खोली, एसी, गालिचा, मधोमध वर काच बसवलेलं लांबच लांब लाकडी टेबल. चावी मागायला मॅडम तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा त्यांच्याबरोबर आम्ही कॅमेरा घेऊन गेलो, आणि चावी मिळाली. टेबलाच्या कडांना पाइपावरचा काळा फोम गुंडाळला, गालिच्यावर गाद्या टाकल्या. चार दिवसांत १७ मुलं येऊन गेली. सांभाळायला दोन पगारी ताया होत्या. स्वयंसेवक मुलींवर ढकललं नाही.

वाशी स्टेशनवर बघितलेलं ते मूल चारही दिवस इथेच होतं, बहुतेक वेळ टेबलाखाली. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी निबंध वाचला, १५ मिनिटांत. १०५ सत्रं झाली. तीन जागा शिल्लक होत्या, त्या लोकांनी गप्पा मारायला वापरल्या.

[दृश्य: पाचवा दिवस. शिपाई काका फोम सोडवताहेत. कॅमेरा टेबलाखाली जातो.]

लाकडावर खालच्या बाजूने निळ्या खडूच्या रेघा आहेत. काकांनी वाकून बघितल्या, ओल्या फडक्याने एकदा पुसल्या. गेल्या नाहीत. विश्वस्तांची पुढची सभा बुधवारी आहे.