जमिनीखालची हद्द

बोट्स्वानाची राजधानी गॅबरोन. तिच्या दक्षिणेला, थोड्याच अंतरावर रामोत्स्वा नावाचं गाव आहे. गावाशेजारून एक लहानशी नदी जाते आणि तिच्या पलीकडे दक्षिण आफ्रिका सुरू होते. सामायिक भूजलावर बोलायचं तर मला सुरुवात नेहमी इथूनच करावीशी वाटते.

गावाखाली डोलोमाइट आहे. हा खडक पाण्यात हळूहळू विरघळतो, भेगा रुंदावतात, पोकळ्या होतात आणि त्यात भरपूर पाणी साठतं. पाणी साठवणाऱ्या खडकाच्या अशा थराला जलधर म्हणतात. हा जलधर दोन्ही देशांच्या खाली पसरलेला आहे. म्हणजे इकडे पंप चालू केला की तिकडच्या विहिरीची पातळी उतरणार, असंच कोणालाही वाटेल. पण या खडकात जागोजागी डाइक, म्हणजे दुसऱ्या घट्ट खडकाचे पट्टे, घुसलेले आहेत, जमिनीत उभ्या गाडलेल्या भिंतींसारखे. पाणी त्यांतून सहजी पलीकडे जात नाही, त्यामुळे जलधराचे कप्पे पडलेत. एकाच कप्प्यातल्या दोन देशांच्या विहिरी एकमेकींच्या सख्ख्या शेजारणी. आणि एकाच देशातल्या, पण मधे डाइक असलेल्या दोन विहिरींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. हे डाइक नेमके कुठून कुठे जातात हे कळायला विमानातून सर्वेक्षण करावं लागलं. ते होण्याआधी दोन्ही सरकारांनी पाणी वाटून घेतलं असतं, तर नेमकं काय वाटलं असतं?

याच गावाची आणखी एक गोष्ट. इथल्या विहिरींचं पाणी पूर्वी शहराला जायचं. मग त्यात नायट्रेट वाढलं आणि १९९०च्या दशकात हा पुरवठा बंद करावा लागला. नायट्रेट आलं होतं गावातल्याच खड्ड्याच्या संडासांतून. पोकळ्यांच्या खडकात घाण गाळली जात नाही, थेट खाली उतरते. पुढे २०१५च्या सुमारास दुष्काळात गॅबरोनचं धरण तळाला गेलं, आणि सोडून दिलेल्या त्याच विहिरींकडे पुन्हा वळावं लागलं. यात शेजारी देशाचा काय दोष? भूजलाचा कारभार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परराष्ट्र खात्याची माणसं येतात. इथे प्रश्न गावाच्या संडासांचा होता, आणि संडास पाणी खात्याच्या अखत्यारीत क्वचितच असतात.

आता उत्तरेकडे, सहारात जाऊ. अल्जीरिया, ट्युनिशिया आणि लीबिया यांच्याखाली दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठा जलधर आहे. पाणी बहुतांश प्राचीन, ओल्या हवामानाच्या काळात मुरलेलं. १९७० साली तिन्ही देश मिळून वर्षाला साधारण ६० कोटी घनमीटर पाणी उपसत होते. २००० साली हा आकडा २५० कोटींच्या आसपास गेला. पुनर्भरण, म्हणजे नव्याने मुरणारं पाणी, मात्र सुमारे १०० कोटींचंच. झरे आटले, पाण्याच्या जुन्या भुयारी वाटा कोरड्या पडल्या, आणि वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यांचं पाणी खाली ओढलं जाण्याची भीती उभी राहिली.

मला इथे महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. या देशांनी आधी करार केला नाही. आधी आपापल्या विहिरींच्या नोंदी एकत्र केल्या आणि सगळ्या जलधराचं एकच गणिती प्रारूप बांधलं. दुसऱ्याचे आकडे खोटे आहेत, असं म्हणायची सोय मग राहत नाही. आपलेही त्यातच असतात ना! त्यानंतर २००२ साली सल्लामसलतीची कायम व्यवस्था ठरली. तिचं समन्वयाचं काम ट्युनिसमधून चालतं. ही व्यवस्था कोणाला कोटा ठरवून देत नाही, कोणाचा पंप बंद करत नाही. काही अभ्यासकांना ती म्हणूनच दुबळी वाटते. मला तसं वाटत नाही. उपसा किती, यावर एकमत नसताना कोटा ठरवला तर तो कागदावरच राहतो.

कायद्याचं म्हणाल तर तो मागेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००८ मध्ये सीमापार जलधरांसाठी १९ मसुदा कलमं तयार केली. त्यात एकीकडे प्रत्येक देशाचं आपल्या हद्दीतल्या भागावर सार्वभौमत्व मान्य केलंय, तर दुसरीकडे वाजवी आणि न्याय्य वापराचं बंधनही घातलंय. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, ते देशांनी आपलं आपण बघायचं. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाचा (एसएडीसी) २००० सालचा सामायिक जलप्रवाहांचा करारही नदीभोवतीच फिरतो. भूजल त्यात येतं, पण नदीशी जोडलेलं असेल तर. नदीशी नातं नसलेल्या जुन्या पाण्याने जायचं कुठे?

स्टॅम्प्रिएत जलधराने यातून वाट काढली. नामिबिया, बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सामायिक वालुकाश्मातलं हे पाणी. ऑरेंज-सेंकू नदीचा आयोग आधीपासून होताच, त्याच्याच छत्राखाली २०१७ मध्ये या जलधराची सहकार्य व्यवस्था आणली. नवं कार्यालय नाही, नवा शिपाई नाही. गरीब देशांच्या दृष्टीने ही फार शहाणपणाची काटकसर आहे.

पण बोअरच्या पाइपपाशी जाऊन बघा. स्टॅम्प्रिएतच्या खोल थरांतलं पाणी दाबाखाली आहे, काही ठिकाणी ते पंपाशिवाय वर उसळतं. जुन्या बोअरचं केसिंग, म्हणजे आत बसवलेली नळी, गंजलं की खालचं पाणी वरच्या थरात झिरपत राहतं आणि दाब कमी होत जातो. ही गळती कोणाच्याच उपशात मोजली जात नाही. ते केसिंग बदलायचा खर्च शेतकऱ्याच्या माथी, आणि त्याचा फायदा तिन्ही देशांना. मग तो का बदलेल? निरीक्षण विहिरींचं दुखणंही याच जातीचं. परदेशी निधीवर प्रकल्प येतो, विहिरीत पातळी नोंदवणारी यंत्रं बसतात, तीन-चार वर्षं उत्तम आलेख येतात. प्रकल्प संपतो, यंत्रातली बॅटरी संपते, आणि ती बदलायला जाणाऱ्या माणसाच्या प्रवासभत्त्याची तरतूद कुठल्याच देशाच्या अंदाजपत्रकात नसते.