अंग राखून खेळला म्हणजे नेमकं काय?

(भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पहाटे गजर लावून एनबीए, म्हणजे अमेरिकेतलं व्यावसायिक बास्केटबॉल, बघणारी एवढी माणसं एका खोलीत सापडतात, म्हणजे झोपेचं महत्त्व सांगणाऱ्या वक्त्यांनी आता दुसरं गाव बघावं. (हशा) विषय पत्रिकेत छापलाय: ट्रेड झालेल्या, म्हणजे एका क्लबनं अदलाबदलीत दुसऱ्याकडे धाडलेल्या, खेळाडूची वृत्ती चाहते कशी जोखतात आणि कशी जोखायला हवी. पन्नास मिनिटं आहेत. पहिला भाग दहा मिनिटांत आटोपते आणि मग ‘कशी जोखायला हवी’ यावर येते.

तर व्हिन्स कार्टर, टोरांटोचा एकेकाळचा तारा. नाव घेताच मागच्या रांगेतून हुर्यो आलीच. बघा, त्याचा न्यू जर्सीला ट्रेड झाला 17 डिसेंबर 2004 ला, आणि हुर्यो अजून ताजी आहे.

टोरांटोच्या चाहत्यांचं आरोपपत्र त्या ट्रेडच्याही आधी सुरू होतं. 20 मे 2001. फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. त्याच दिवशी सकाळी चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. तीन वर्षांनी कॉलेज सोडून गेलेल्या कार्टरनं उरलेला अभ्यास पुरा केला होता, म्हणून तो समारंभाला गेला, झगा-टोपी घातली, विमानानं फिलाडेल्फियाला आला आणि संध्याकाळी खेळला. वीस गुण केले. शेवटच्या दोन सेकंदांत विजयाचा फटका त्याच्या हातात आला आणि चुकला. 88–87. संघ घरी.

आता 2019 मध्ये या. तोच संघ, समोर तेच फिलाडेल्फिया, तोच सातवा सामना, पुन्हा शेवटचा फटका. टोरांटोच्या क्वाय लेनर्डचा चेंडू रिंगवर चार वेळा टप्पे खाऊन आत पडला. 92–90. त्या चार टप्प्यांची पोस्टरं निघाली. कार्टरचा चेंडू 2001 मध्ये असाच आत पडला असता, तर ती पदवी आज शाळेतल्या मुलांना उदाहरण म्हणून सांगितली गेली असती: बघा, आधी शिक्षण, मग खेळ! पडला नाही, म्हणून ती पदवी बेजबाबदारपणाचा पुरावा ठरली. सकाळच्या प्रवासानं पाय जड झाले असतील का? असतीलही. पण अठरांपैकी सहा फटके आत जाण्याचे प्रकार आदल्या रात्री आठ तास झोपलेल्यांच्याही हातून होतात.

असो. 2004 कडे येते. संघाची घडी विस्कटलेली, व्यवस्थापन नवं, प्रशिक्षक नवा. कार्टरनं ट्रेड मागितला. न्यू जर्सीकडून आले अलोन्झो मोर्निंग, एरिक विल्यम्स, आरन विल्यम्स आणि पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क. आणि कार्टर तिकडे जाऊन एकदम पेटला. टोरांटोत त्या मोसमात 20 सामन्यांत सरासरी 15.9 गुण, न्यू जर्सीत 57 सामन्यांत 27.5. चाहत्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले आणि निकाल लिहून टाकला: आमच्याकडे अंग राखून खेळत होता.

हा हिशेब कागदावर करून बघा. टोरांटोत तो सामन्याला 30.4 मिनिटं खेळत होता, न्यू जर्सीत 38.9. टोरांटोच्याच वेगानं 38.9 मिनिटं खेळला असता तर गुण झाले असते साधारण 20.3. म्हणजे साडेअकरांच्या फरकातले जवळजवळ साडेचार गुण नुसते घड्याळाचे. उरले सात. पास द्यायला जेसन किड होता, आणि डिसेंबरच्या अखेरीस रिचर्ड जेफरसन मनगटाच्या दुखापतीनं बाहेर गेल्यावर त्याच्या वाटचे फटकेही कार्टरकडेच आले. मग वृत्तीचा वाटा किती? शून्य म्हणत नाही. जानेवारी 2005 मध्ये माजी प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांना दिलेल्या मुलाखतीत कार्टरनंच कबूल केलं की आधीच्या वर्षांत त्यानं स्वतःला पुरेसं रेटलं नव्हतं. झालं! त्या कबुलीनंतर कोण हिशेब करत बसतंय? एप्रिलमध्ये तो टोरांटोत परतला, चेंडू हातात आला की अख्खं मैदान हुर्यो उडवायचं, आणि त्यानं 39 गुण ठोकले. त्यामुळे राग निवायच्या ऐवजी वाढला.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. मोर्निंग! तो टोरांटोसाठी एक मिनिटही खेळला नाही. रुजूच झाला नाही. शेवटी क्लबनं पैसे मोजून करार मोडला, तो मायामीला गेला आणि 2006 ला विजेतेपद घेऊन मोकळा झाला. त्याचं मूत्रपिंड नुकतंच बदललं होतं, वय झालं होतं, पडत्या संघात जायचं नव्हतं, सगळं मान्य. पण व्यावसायिकतेची फूटपट्टी लावायचीच तर रुजू न होणाऱ्याला आधी लावा ना. त्याला कुणी लावली नाही, कारण त्याच्यावर कुणाचं प्रेमच बसलं नव्हतं. बँकेतल्या माणसाची नांदेडला बदली झाली तर शाखेतले नारळ देतात, गद्दार म्हणत नाहीत, त्यातलाच प्रकार. (हशा)

आयोजक घड्याळ दाखवतायत. कार्टरचा शेवट सांगते आणि पुढे जाते. नोव्हेंबर 2014 मध्ये तो मेम्फिसकडून टोरांटोत खेळायला आला, पडद्यावर त्याची चित्रफीत लागली, प्रेक्षक उभे राहिले, तो रडला. 2 नोव्हेंबर 2024 ला टोरांटोनं त्याचा 15 क्रमांक निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं. मधल्या काळात 2004 मधलं काहीच बदललं नव्हतं. 2019 चं विजेतेपद मिळालं आणि उरलासुरला रागही धरून ठेवावासा वाटेना.

दुसरं उदाहरण क्वायचंच, घाईत. 2017–18 मध्ये सॅन अँटोनियोकडून तो मांडीच्या दुखण्यामुळे फक्त 9 सामने खेळला: पळपुटा. जुलै 2018 मध्ये डीमार डीरोझनच्या बदल्यात टोरांटोला आला आणि 82 पैकी 60 सामने खेळला, सलग दोन रात्री खेळायचाच नाही: हे शास्त्रशुद्ध विश्रांतीचं नियोजन! नऊ आणि साठ यांत फरक आहेच, पण चुकवलेल्या 22 सामन्यांवर टोरांटोत कुणी ब्र काढला नाही. नावडतीचं मीठ अळणी, ते हेच. आणि डीरोझन, ज्याला शहर सोडायचंच नव्हतं, तो आजही तिथला लाडका. जाणाऱ्यानं स्वतः मागून घेतलं की त्याला घालवलं, एवढ्यावर अर्धा निकाल लागतो.

आता पत्रिकेत छापलेला भाग, उरलेल्या सात मिनिटांत. लिहून घ्या.

ट्रेडच्या आधीचे ‘न खेळलेले’ सामने खेळाडूच्या खात्यावर लगेच टाकू नका. बोलणी चालू असताना बहुतेक वेळा क्लबच त्याला बसवतो, कारण तो जायबंदी झाला तर नव्या संघाच्या वैद्यकीय तपासणीत व्यवहार फिसकटतो. फेब्रुवारी 2025 मध्ये मार्क विल्यम्सचा लेकर्सशी ठरलेला ट्रेड तपासणीनंतरच रद्द झाला आणि त्याला मुकाट्यानं शार्लटला परत जावं लागलं. उलट, त्याच वर्षीच्या जानेवारीत जिमी बटलरला मायामीनं एकाच महिन्यात तीनदा निलंबित केलं, त्यातलं एकदा संघाचं विमान चुकवल्याबद्दल. हे त्याच्याच खात्यावर. पुढे त्याच्या नव्या संघानं, गोल्डन स्टेटनं, त्याच्यासोबत उरलेले बहुतेक सामने धडाधड जिंकले, म्हणून विमान चुकवलेलं भरून निघत नाही.

ट्रेडनंतरचे पहिले आठ-दहा सामने बचावावरून आळशी ठरवू नका. मोसमाच्या मध्यावर सराव जवळजवळ नसतो. आधीच्या संघात उंच खेळाडू पिक-अँड-रोलला (साथीदारानं बचावपटूची वाट अडवून चेंडूवाल्याला मोकळं करायची चाल) मागे, रिंगजवळ थांबत असेल आणि नव्या संघात त्यानं पुढे येऊन साथीदाराशी अडवायचा माणूस बदलायचा असेल, तर पहिले काही दिवस तो अर्धी पायरी मागेच राहणार आणि समोरच्याला मोकळा फटका मिळणार. ओळखायचं कसं? गोंधळलेला खेळाडू मान वळवतो, साथीदाराकडे बोट दाखवतो, उशिरा का होईना धावतो. अंग राखणारा उभा राहून बघतो.

बघायचं ते प्रशिक्षकाच्या आखणीवर अवलंबून नसलेलं. स्वतःचा फटका चुकल्यावर पहिली तीन पावलं मागे पळत टाकतो की पंचांकडे हात पसरतो. रीबाउंडसाठी, म्हणजे फटका चुकून परतलेल्या चेंडूसाठी, प्रतिस्पर्ध्याला पाठीनं अडवतो की नुसता चेंडूकडे बघतो. स्क्रीन लावताना, म्हणजे साथीदारासाठी बचावपटूची वाट अडवताना, अंगावर धक्का घेतो की त्याआधीच निसटतो. गुणांची तुलना मात्र मिनिटांनी भागल्याशिवाय करू नका, आत्ता केली तशी.

चिठ्ठी आलीये, लुका डॉन्चिचचं काय? फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसनं त्याला लेकर्सकडे धाडल्यावर त्याच्या वजनाच्या, फिटनेसच्या बातम्या बाहेर आल्या. हुर्यो मात्र व्यवस्थापक निको हॅरिसनची उडाली आणि नोव्हेंबरमध्ये त्याची नोकरी गेली. लुकानं काहीच मागितलं नव्हतं ना. पण वर सांगितलेली पंचांकडे हात पसरायची तपासणी त्याला लावून बघा. लाडका असला तरी तिथे तो नापासच होतो, डॅलसमध्येही व्हायचा.