काळोखात बघणारी नळी : हामामात्सुच्या एका कंपनीची गोष्ट

नमस्कार मंडळी. ही काचेची नळी पहिल्या रांगेतून सोडतो आहे. हातोहात मागपर्यंत जाऊ द्या, फक्त जपून, कारण आत निर्वात पोकळी आहे. जुनी आहे, आता चालत नाही. हिला फोटोमल्टिप्लायर म्हणतात.

काचेतून आत एक जाळी दिसेल आणि तिच्या मागे वाकवलेले बारीक पत्रे. पहिल्या पत्र्यावर अँटिमनी आणि सीझियमचा थर चढवलेला असतो. त्यावर प्रकाशाचा एक कण, एक फोटॉन, पडला की त्यातून एक इलेक्ट्रॉन सुटतो. तोही दर वेळी नाही, पाच-सहा फोटॉनांमागे एकदा. हा इलेक्ट्रॉन पुढच्या पत्र्याकडे ओढला जातो आणि तिथे आदळून आणखी चार-पाच जणांना सोडवतो. ते त्याच्या पुढच्या पत्र्यावर जातात. अशा नऊ पायऱ्या. प्रत्येक पायरीला पाचपट धरा, शेवटी एकाचे जवळजवळ वीस लाख होतात. एवढा विजेचा ठोका तारेतून मोजता येतो. आपल्या डोळ्यांना जिथे मिट्ट काळोख दिसतो, तिथे ही नळी प्रकाशाचे दाणे मोजत बसते.

हामामात्सु हे गाव तुम्हाला वेगळ्या कारणानं ठाऊक असेल. यामाहा आणि सुझुकी तिथल्याच. होंडांची सुरुवातही तिथली. याच गावातल्या तंत्रशाळेत केंजिरो ताकायानागी नावाचे शिक्षक होते. २५ डिसेंबर १९२६ या दिवशी, ज्या दिवशी जपानचे सम्राट तैशो वारले त्याच दिवशी, त्यांनी जपानी लिपीतलं ‘इ’ हे अक्षर कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर उमटवून दाखवलं. चाळीस ओळींचं, धूसर अक्षर. पण दूरवरचं चित्र पाहायचं तर आधी प्रकाशाची वीज करावी लागते, आणि ही विद्या त्या गावात रुजली ती तिथून.

त्यांचे विद्यार्थी हेइहाचिरो होरिउची यांनी १९५३ साली सोबत्यांना घेऊन ‘हामामात्सु टीव्ही’ ही छोटी कंपनी काढली. तेरुओ हिरुमा त्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. नावात टीव्ही असला तरी टीव्ही संचांच्या मोठ्या बाजारात ते उतरले नाहीत. प्रकाश पकडणाऱ्या नळ्या बनवत राहिले. १९८३ साली नाव बदलून ‘हामामात्सु फोटोनिक्स’ केलं, तोवर त्यांचं काम काय हे जगाला कळलं होतं. रक्त तपासणारी यंत्रं, पेट स्कॅनर, तेलविहिरीत सोडायची उपकरणं, सगळीकडे या नळ्या लागतात. कंपनीची रोजची भाकरी तिथून येते, हे विसरून पुढची गोष्ट ऐकू नका.

आता १९७९. तोक्यो विद्यापीठाचे मासातोशी कोशिबा हिरुमांकडे आले. प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातला एक कण, कधी तरी मोडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी कामिओकाच्या खाणीत, जमिनीखाली हजार मीटरवर, तीन हजार टन शुद्ध पाणी साठवून, प्रोटॉन मोडला तर त्यात उठणारी निळसर चमक टिपायची. अमेरिकेतला एक गट हाच प्रयोग करणार होता. त्यांची टाकी मोठी, पैसाही जास्त. नळ्या मात्र पाच इंची. कोशिबांनी विचार केला, टाकी वाढवता येत नाही तर डोळा वाढवू. त्यांनी वीस इंची नळी मागितली. व्यास चौपट म्हणजे प्रकाश पकडणारं क्षेत्र सोळापट!

अशी नळी तोवर कोणी केली नव्हती. काचेचा एवढा मोठा फुगा कारागिरांनी तोंडानं फुंकायचा. भिंत सगळीकडे सारखी यायला हवी, नाहीतर पाण्याचा दाब सोसणार नाही. आतून धातूंची वाफ सोडून थर चढवायचा, तोही एकसारखा. कडेला सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मध्यावर सुटलेला इलेक्ट्रॉन यांनी पुढच्या पत्र्यावर जवळजवळ एकाच वेळी पोहोचलं पाहिजे, आणि एवढ्या लांबच्या वाटेवर पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा त्यांना भरकटवतं. कागदावरच्या गणितानं यातलं थोडंच सुटतं. बाकीचं हातांना कळावं लागतं. कोशिबांनी वर किंमतही घासाघीस करून उतरवली, आणि कंपनीनं तोटा सोसून हजारभर नळ्या दिल्या.

प्रोटॉन काही मोडला नाही. पण २३ फेब्रुवारी १९८७ ला दक्षिण आकाशात एका ताऱ्याचा स्फोट झाला आणि कामिओकांदेच्या, म्हणजे कामिओकातल्या त्याच प्रयोगाच्या, टाकीत तेरा सेकंदांत अकरा न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही सहसा न अडणारे सूक्ष्म कण, नोंदले गेले. पुढच्याच महिन्यात कोशिबा निवृत्त होणार होते. २००२ चं नोबेल त्यांना मिळालं त्यामागे ही अकरा नोंदींची कमाई आहे.

इथे एक गोष्ट मला बोलल्याशिवाय राहवत नाही. वातावरणातले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा दिसले त्यांत कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतला प्रयोग होता, १९६५ साली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं, सोबत ब्रिटनमधल्या डरॅमची आणि जपानमधल्या ओसाकाची. प्रोटॉन मोडतो का हे पाहणारा प्रयोगही कोलारला कामिओकाच्या आधी सुरू झाला, लोखंडी पत्रे आणि वायूच्या नळ्या रचून. खाण होती, बुद्धी होती, जिद्दही होती. कोशिबांना मात्र अडून बसायला एक कारखाना हाताशी होता. मला वाटतं फरक तिथे पडला.

१९९६ ला सुपर-कामिओकांदे सुरू झालं. पन्नास हजार टन पाणी, अकरा हजारांवर वीस इंची नळ्या. १२ नोव्हेंबर २००१ ला, दुरुस्तीनंतर टाकी पुन्हा भरत असताना, तळाची एक नळी पाण्याच्या दाबानं आत फुटली. तिच्या धक्क्यानं शेजारची, तिच्या धक्क्यानं पुढची. काही सेकंदांत साडेसहा हजारांहून जास्त नळ्यांचा चुरा. प्रयोगाचे प्रमुख योजी तोत्सुका यांनी लगेच जाहीर केलं, पुन्हा उभारू. वाचलेल्या नळ्या विरळ मांडून, प्रत्येकीला कवच चढवून वर्षभरात काम सुरू झालं. फुटलेल्यांच्या जागी नव्या नळ्या बनल्या आणि २००६ ला भिंत पुन्हा भरली. २०१५ चं ताकाकि काजितांचं नोबेल याच टाकीतलं.

या धंद्यात जे पहिले होते, त्यांच्यापैकी अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा हा विभाग १९८० च्या दशकात विकला गेला, फ्रान्सच्या फोटोनिसनं २००९ ला या नळ्या थांबवल्या. हामामात्सु सिलिकॉनकडेही गेली. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस नावाच्या शोधकातल्या ६१,२०० स्फटिकांमागे प्रत्येकी दोन अशा तिच्याच सिलिकॉनच्या चकत्या आहेत. पण नळी सोडली नाही. कामिओकाजवळ आता हायपर-कामिओकांदे उभं राहतं आहे, त्यासाठी आणखी वीस हजारांच्या आसपास वीस इंची नळ्या, जुन्यांच्या दुप्पट प्रकाश पकडणाऱ्या.

नळी मागून परत आली का? बुडाच्या पिना मोजल्या कोणी? अकरा, बरोबर. नऊ पायऱ्यांच्या नऊ, एक सुरुवातीची, एक शेवटची. आता प्रश्न विचारा.