देव आडवा करून बघा

[दृश्य: काळ्या कापडावर ठेवलेली रंगीत पुतळी. कॅमेरा शिरस्त्राणापासून पायथ्याकडे उतरतो.]

ही मिनर्व्हा. रोमन लोकांची बुद्धीची आणि युद्धकौशल्याची देवी. डोक्यावर शिरस्त्राण, हाताशी ढाल, ढालीवर केसांच्या जागी साप असलेल्या मेड्युसाचं मुंडकं, पायाशी घुबड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या डार्बीच्या चिनीमातीच्या कारखान्यात ही घडली. आपल्याकडे उंदीर दिसला की गणपती ओळखावा, तसंच इथेही आहे. गरुड असला की देवांचा राजा ज्युपिटर, मोर असला की त्याची राणी जुनो, डॉल्फिन असला की समुद्रदेव नेपच्यून.

पण मुरलेला संग्राहक या लवाजम्यावर फार वेळ घालवत नाही. तो पुतळी अलगद आडवी करतो आणि आधी तिचं बूड बघतो.

[दृश्य: पुतळीचा तळ, अगदी जवळून.]

हे तीन काळपट गोल डाग बघा. झिलई चढवून पुतळी दुसऱ्यांदा भट्टीत जायची, तेव्हा ती भट्टीच्या तळाला चिकटू नये म्हणून खाली मातीच्या छोट्या गोळ्या ठेवत. त्यांचेच हे वण. डार्बीच्या पुतळ्यांवर असे तीन-चार डाग हमखास सापडतात. कारखान्याची खूण मात्र अनेकदा नसतेच, त्यामुळे हा डागच ओळखपत्राचं काम करतो.

लंडनजवळच्या बो इथल्या पुतळ्या वेगळ्या. तिथले कारागीर माती साच्यात बोटांनी दाबून बसवत, म्हणून पुतळी हाताला जड लागते. पाठीमागे खालच्या बाजूला कधी कधी चौकोनी भोक असतं. त्यात धातूची फांदी खोवून मेणबत्ती लावायची सोय होती. लंडनच्याच चेल्सीत आणि डार्बीत पातळ माती साच्यात ओतत, त्यामुळे तिथला माल हलका.

[दृश्य: झाडाच्या बुंध्याला टेकलेला युद्धदेव मार्स.]

हे सगळे देव सारखे कशाला ना कशाला टेकलेले का असतात? त्याचं कारण मातीत आहे. जर्मनीतल्या माइसेनला अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच अस्सल कडक पोर्सिलेनचं, म्हणजे चिनीमातीचं, गुपित गवसलं होतं. इंग्लंडमध्ये ते बराच काळ कुणाला ठाऊक नव्हतं. चेल्सी, डार्बीची मंडळी काचेसारखी वितळणारी मिश्रणं वापरत, तर बोमध्ये हाडांची राख मिसळत. ही माती भट्टीत मऊ पडायची आणि उभा देव गुडघ्यातून वाकायचा. मग त्याच्यामागे बुंधा उभा करा, ढाल टेकवा, फुलांची झुडपं रचा. ती सजावट म्हणजे खरं तर टेकू.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? जेवणानंतरच्या गोडाच्या टेबलासाठी! पूर्वी श्रीमंतांकडे तिथे साखरेच्या बाहुल्या मांडत. इंग्लिश लेखक होरेस वॉल्पोलने १७५३ सालीच थट्टेने लिहून ठेवलंय की त्यांची जागा आता चिनीमातीच्या पुतळ्यांनी घेतली आहे.

[दृश्य: तळाजवळ जहाजाच्या लाल नांगराची बारीक खूण, शेजारी मोजपट्टी.]

आता चेल्सी. निकोलस स्प्रिमोंट हा आजच्या बेल्जियममधल्या लिएजहून आलेला चांदीकाम करणारा कारागीर. १७४५च्या सुमारास त्याने हा कारखाना उभा केला. पुतळ्या घडवायला जोसेफ विलेम्स होता. १७५२ ते १७५६ या काळातली कारखान्याची खूण, म्हणजे लाल नांगर, संग्राहकांचा जीव की प्राण. खरा नांगर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, तोही कुठेतरी कोपऱ्यात, लाजत काढल्यासारखा. मोठा, ठसठशीत, सोनेरी नांगर समोर मिरवत असेल तर सावध व्हा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅम्सन कारखान्याने अशा नकला ढिगाने काढल्या. त्यांची माती कडक असते, अंगावर किंचित करडी झाक.

हे कसब अंगी बाणवणाऱ्या बाई म्हणजे लेडी शार्लट श्रायबर. पहिल्या नवऱ्यामागे वेल्समधल्या डाउलाइसचा लोखंडाचा कारखाना सांभाळलेल्या, दहा मुलांच्या आई. दुसऱ्या नवऱ्याबरोबर युरोपभर जुन्या बाजारांच्या दुकानांतून त्या हिंडल्या, आणि रोज काय मिळालं ते रोजनिशीत टिपत गेल्या. १८८४ साली चार्ल्स श्रायबर वारले. त्यांच्या स्मरणार्थ बाईंनी सुमारे अठराशे इंग्लिश वस्तू लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला देऊन टाकल्या. आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने ओळखलं जातं.

[दृश्य: अतिनील दिव्याखाली नेपच्यूनचा हात.]

नेपच्यूनचा त्रिशूळ, मार्सचा भाला, देवींची बोटं: अडीचशे वर्षांत सर्वात आधी तुटतं ते हेच. दुरुस्ती वाईट नाही, लपवलेली दुरुस्ती वाईट. या दिव्याखाली नव्या रंगाचा पट्टा झिलईहून निराळा चमकतो. माझ्यापुरतं म्हणाल, तर जोडकाम केलेल्या देखण्या नेपच्यूनपेक्षा त्रिशूळ गमावलेला, पण हात न लावलेला नेपच्यून मी आधी उचलीन. घेण्यापूर्वी हा दिवा मारून बघू का, असं विचारा. विक्रेता कुरकुरला, तर देवाला होता तिथे ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.