सोनेरी कुंचला आणि त्याचे शेजारी

श्रोतेहो, नमस्कार.

आपण एखाद्याला ‘बांडगूळ’ म्हणतो, ते काही कौतुकाने नव्हे. आज ज्या रानफुलाविषयी बोलणार आहे, तेही शेजाऱ्याच्या मुळांतून रस ओढतं. पण त्याला बांडगूळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याचं नाव गोल्डन पेंटब्रश, म्हणजे सोनेरी कुंचला. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटापासून अमेरिकेतल्या ऑरेगनच्या विलॅमेट खोऱ्यापर्यंतचे गवताळ माळ हे त्याचं घर. वसंतात फूटभर उंचीचे दांडे उभे राहतात, टोकाला पिवळेजर्द. वाकून पाहा, तो पिवळा रंग पाकळ्यांचा नाहीच! फुलांखालची पानं रंगलेली असतात आणि खरं फूल, हिरवट नळीसारखं, त्यांच्या आड दडलेलं असतं.

मातीखाली त्याचं मूळ गवताच्या मुळाला भिडलं, की तिथे बारीकशी गाठ धरते. त्या गाठीतून ते शेजाऱ्याच्या मुळात शिरतं आणि पाणी, क्षार ओढून घेतं. पण पानं हिरवी असल्याने अन्न स्वतःही तयार करतं. म्हणून ते अर्धपरजीवी. शेजाऱ्याशिवायही ते तग धरतं, फक्त सोबतीने जास्त जोमाने वाढतं.

हे माळ मोकळे राहिले ते आगीमुळे. तिथले मूळ रहिवासी कॅमस नावाच्या फुलझाडाचे कंद खात आणि त्यासाठी माळ ठरवून पेटवत. बाहेरून येऊन वसलेल्यांनी ही रीत मोडली. बरीच जमीन नांगराखाली गेली आणि उरलेल्या माळांवर डग्लस फरची झाडं चढली. सावलीत कुंचल्याचा निभाव लागत नाही. ऑरेगनमध्ये तो शेवटचा दिसला १९३८ साली. १९९७ मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातलं, तेव्हा तो जेमतेम दहा-अकरा ठिकाणी उरला होता.

मग माणसांनी झाडोरा काढला, माळ पुन्हा पेटवले, बी पेरलं. नुसता कुंचला लावून भागलं नाही, त्याचे शेजारीही लावावे लागले. २०२३ मध्ये त्याचं नाव यादीतून निघालं. हे ऐकून मला फार आनंद झाला.

आता पेच वेगळाच आहे. टेलर्स चेकरस्पॉट या दुर्मीळ फुलपाखराच्या अळ्यांसाठी काही माळांवर कुंचल्याची दुसरी एक जात लावली होती. दोघांचा संकर होऊ लागला. म्हणून या दोन भावंडांना आता वेगवेगळ्या माळांवर वाढवावं लागतंय.